शनिवारशी दावा

दमयंतीमावशींची शोकसभा मंडळाने शनिवारी ठेवली. मी गेलो नाही.

मावशी सोमवारी वारल्या, तिकडे मिनेसोटात, ईडन प्रेरीला, मुलाच्या घरी. आमच्या इथल्या, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाने शनिवारपर्यंत दम धरला, शाळेचा हॉल मिळवला, समोशांची ऑर्डर दिली आणि मग शोक केला. तिथे आमचा माजी अध्यक्ष आशुतोष, घरं विकून विकून ज्याच्या गळ्यात मध साठलाय, तो माइकवर म्हणाला म्हणे, "हिमालयातला तो बारा वर्षांनी येणारा बौद्ध उत्सव मावशींनी आपल्यासोबत डोळे भरून पाहिला. त्यांचं स्वप्न आपल्या मंडळाने पूर्ण केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

म्हणून हे लिहितोय. मी वाढवून सांगणारा माणूस म्हणून मिशिगनभर बदनाम आहे. माझी बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, की संजयच्या गोष्टीतून निम्मं वजा करून ऐका. तुम्हीही खुशाल करा. पण आशुतोषच्या वाक्यातून वजाबाकी करायला गेलात तर खाली काहीच उरत नाही.

मावशी चिडल्या की आमच्या सबडिव्हिजनमधली, म्हणजे कॉलनीतली, हरणं नदी पोहून कॅनडात जायची. इमिग्रेशनवाले विचारायचे, "कारण?" हरणं ट्रॉयच्या दिशेला मान करायची, की लगेच शिक्का. आवाजच तसा होता. आणि गंमत अशी, की बाईंनी सगळी नोकरी आवाज मारण्यात घालवली होती. डेट्रॉइटच्या एका गाड्यांच्या कंपनीत नव्या गाडीत कुठे काय खडखडतं, कुठे काय कुरकुरतं ते कान लावून शोधायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं खातं. त्या खात्यात साडी नेसून गेलेली पहिली बाई, आणि बहुतेक शेवटचीही. निम्म्या अमेरिकेच्या गाड्या या बाईने गप्प केल्या.

मी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा द्यायला गेलो. म्हणाल्या, "चल, एक चक्कर मार." कोपऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो, तेवढ्यात, "थांबव. मागच्या डाव्या दारात एक स्क्रू फिरतोय." मला काही ऐकू येईना. डीलरकडे नेली, त्यालाही येईना. मावशी त्याच्यासमोर अशा उभ्या राहिल्या, की त्याने मुकाट्याने दार उघडून पॅनेल काढलं. स्क्रू निघाला. डीलरने पेढ्यासारखा तो तळहातावर धरला. पुढे म्हणे तो गाडी विकण्याआधी हनुमानाला, म्हणजे कुठल्या तरी संताला, नारळ फोडायला लागला. हे वजा करा हवं तर. स्क्रू मात्र खरा आहे.

एवढ्या तिखट बाईचा राग कशावर असावा? उशिरा येणाऱ्यांवर नाही, फुकट्यांवर नाही. मुलाने, निखिलने, लग्न परस्पर उरकलं आणि फोटो पाठवला, तेव्हा फोटो बघून म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, हे कुठलं ध्यान तिच्या शेजारी?" तेवढंच. त्यांचा राग होता शनिवारवर.

कारण अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारी येतात. गणपती शनिवारी, पाडवा शनिवारी, संक्रांत शनिवारी, तीही थंडी कमी झाली की. एका वर्षी तर आषाढी एकादशी शनिवारी झाली, वर खिचडीसोबत छोलेही होते. शाळेचा हॉल शनिवारी मिळतो, म्हणून.

"तिथी म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का रे, रीशेड्यूल करायला?" मावशी मीटिंगमध्ये कडाडायच्या.

"मावशी, वर्किंग डेला कोण येणार?" कमिटीचा ठरलेला प्रश्न.

"गणपती येतो ना! त्याला तुम्ही कुलपाबाहेर उभा करता आणि शनिवारी विचारता, काय रे, कधी आलास?"

मावशी नुसत्या बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. एका वर्षी चतुर्थी भर आठवड्यात आली, तेव्हा गणपतीला सीट बेल्ट लावून त्या शाळेवर गेल्या. हॉल बंद. मग पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या बॉनेटवर पाट ठेवला आणि एकटीने आरती सुरू केली. मैदानावर फुटबॉलची प्रॅक्टिस चालली होती. पोरं हेल्मेट काढून उभी राहिली. कुणीतरी पोलीस बोलावला. तो आला तर मावशींनी त्याच्या हातात घंटा दिली आणि तोंडाने मंत्रपुष्पांजली चालूच ठेवली. घंटा वाजवत बिचारा शेवटपर्यंत उभा. त्यानंतर म्हणाल्या, "सण होताना बघणारा या गावात हा एकच निघाला, आणि तोही ड्युटीवर."

'होताना' हा त्यांचा शब्द होता. "संज्या, या देशात येऊन एवढी वर्षं झाली, मी सगळे सण झाल्यावर पाहिले. शिळे. एकदा तरी होताना बघायचाय."

त्यासाठी त्यांनी धरून ठेवलेली जागा होती लडाखच्या एका आडबाजूच्या खोऱ्यातली. तिथल्या मठात दर उन्हाळ्यात दशमीला मुखवट्यांचा नाच होतो, आणि बारा वर्षांतून एकदा त्या दशमीला मठाच्या गच्चीवरून एक चित्र खाली सोडतात. रेशमाचं, अख्खी भिंत झाकणारं. सकाळी ऊन भिंतीवर उतरलं की लांबलचक कर्णे वाजतात, चित्र उलगडतं, आणि ऊन कडक होण्याआधी पुन्हा गुंडाळून ठेवतात. मग बारा वर्षं गप्प. मावशी रिटायर झाल्या झाल्या तिथे गेल्या होत्या. वाटेत दरड कोसळली आणि त्या एक दिवस उशिरा पोचल्या. अंगण झाडून झालं होतं. भिंत कोरी. ज्यांच्या घरी उतरल्या त्या म्हातारीने बटरचा चहा देत सांगितलं, "अगली बार."

"कोऱ्या भिंतीसमोर मी दुपारभर बसले," मावशी सांगायच्या. "दरडीवर चिडून काय करणार? ती काही कमिटी मेंबर नव्हती."

बारा वर्षं भरत आली. मावशींची सत्तरी केव्हाच उलटलेली. फुप्फुसांच्या डॉक्टरने सांगितलं, एवढ्या उंचीवर ही शेवटची खेप, यानंतर नाही. निखिलने फोनवर अट घातली, "Aai, you're not going alone. Period." मावशी एकट्या जायला तयार होत्या, पण तिकीट मुलाच्या हातात. आणि इथे मंडळ घुसलं. आशुतोष म्हणाला, "मावशी, आपण ग्रुप टूर करू ना! कल्चरल टूर. सगळं मी बघतो."

सगळं त्यानेच बघितलं. तेच तर.

मावशींनी त्या वसंतात आमच्याकडून तयारी करून घेतली. मॉलच्या पार्किंग इमारतीचे जिने चढायचे, नाकाने श्वास घ्यायचा, चढताना बोलायचं नाही. मराठी माणसांना चढताना बोलू न देणं म्हणजे प्रेशर कुकरची शिटी दाबून धरणं. दोघांना तर जिन्यातच घेरी आली, चढण्याने नाही, न बोलण्याने. लेहला उतरलं की दोन दिवस नुसतं पडून राहायचं, बाजार नाही, फोटो नाही, हे मावशींनी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. बुधवारी खोऱ्यात जायचं, गुरुवारी दशमी.

लेहला उतरलो. मावशी शिस्तीत आडव्या झाल्या. बाकीचे त्याच संध्याकाळी पश्मिना घ्यायला बाजारात. दुसऱ्या दिवशी निम्मा ग्रुप डोकं धरून उलट्या करत होता. मंगळवारी नाश्त्याला आशुतोष उठून उभा राहिला. चमच्याने कप वाजवला.

"फ्रेंड्स, सगळ्यांची तब्येत बघता आपण खोऱ्यात शनिवारी जाऊ या. तिथले लोक आपल्यासाठी शनिवारी स्पेशल नाच करतायत. आणि सरप्राइज, आपण तो ट्रॉयच्या हॉलमध्ये लाइव्ह दाखवणार आहोत! तिथे शनिवारची सकाळ असेल, सगळे पोहे खात बघतील."

मावशींनी टोस्ट खाली ठेवला. "आणि गुरुवार?"

"मावशी, जरा फ्लेक्सिबल राहू या ना."

"नोर्बू," मावशी आमच्या ट्रॅव्हल एजंटकडे वळल्या. तो दाराशी गाड्यांची वाट बघत उभा होता. "ये शनिवार कब तय हुआ?"

त्या भल्या माणसाला काय माहीत इथे काय शिजतंय. म्हणाला, "मैडम, शो तो मे में ही बुक हो गया था. सर ने बोला, इनके यहाँ सारे त्योहार शनिवार को होते हैं."

मला वाटलं आता छप्पर उडणार, लडाखची हरणं थेट तिबेटात. पण आशुतोष तयारीचा. "आपण डेमोक्रॅटिक पद्धतीने ठरवू. शनिवारसाठी हात वर करा."

हात वर गेले. डोकेदुखीवाल्यांनी एका हाताने डोकं धरून दुसरा वर केला.

"वा!" मावशी म्हणाल्या. "हात वर करून दशमी शनिवारी येते का रे? मग उद्या हात वर करून मला वीस वर्षांची करा! नालायकांनो, तिथे आपण पाहुणे आहोत, पाहुणे! त्यांचा सण तुमच्या पोह्यांच्या वेळेवर आणायला निघालात?"

"Chill, Maushi," आशुतोषच्या कॉलेजातल्या मुलीने सुचवलं. मावशींनी तिच्याकडे फक्त पाहिलं. ती पोरगी सुटीभर परत मावशींसमोर इंग्रजी बोलली नाही.

बुधवारी सकाळी मावशी एकट्याच टॅक्सीत बसल्या. मी शेजारी बसलो, शौर्य म्हणून नाही. निखिलला फोनवर काय सांगायचं ते सुचेना म्हणून. नोर्बू खिडकीशी येऊन विनवत होता, "मैडम, परमिट ग्रुप का है. फॉरेनर को अकेले नहीं छोड़ेंगे."

"मी मिरजेची आहे!" मावशींनी त्याला मराठीत ठणकावलं.

खोऱ्याच्या तोंडाशी चेकपोस्ट. तिथल्या पोलिसाने पासपोर्ट बघितले, निळे, अमेरिकेचे. त्या खोऱ्यात परदेशी माणसाला ग्रुपबरोबरच जाता येतं, आणि आमचा ग्रुप कागदोपत्री शनिवारी येणार होता. मावशींनी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी संस्कृतात भांडून बघितलं. पोलीस तरणा होता, नम्र होता, आणि हलला नाही. "माताजी, मेरी नौकरी चली जाएगी." एवढं ऐकल्यावर मावशींनी भांडण तिथेच सोडलं. गरिबाच्या नोकरीवर त्या कधीच उठल्या नसत्या. त्यांनी चहाच्या टपरीतली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, अडथळ्याच्या दांड्याशेजारी मांडली आणि बसल्या.

दिवसभर गाड्या जात होत्या. टपावर बिछाने, आत खच्चून माणसं. डोक्यापासून पाठीपर्यंत निळ्या खड्यांचे पट्टे लावलेल्या बायका, नवे जोडे घातलेली म्हातारी माणसं, मांडीवर पोरं. दांडा वर व्हायचा, गाडी आत जायची, दांडा खाली यायचा. बायका हात हलवायच्या, "जुले! जुले!" मावशी प्रत्येक गाडीला उठून नमस्कार करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, बसा आता, दम लागतोय."

"सणाला निघालेल्या माणसांसमोर बसून राहू?" त्या माझ्यावरच खेकसल्या.

टपरीवालीने रात्री घरात जागा दिली. गुरुवारी उजाडताच मावशी पुन्हा त्या खुर्चीवर. रस्ता आता रिकामा. जायचे ते सगळे आत गेलेले. समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर ऊन आलं, हळूहळू खाली सरकायला लागलं. मावशींनी एकदम हात वर केला. मान तिरकी केली, माझ्या गाडीत केली होती तश्शी.

"वाजतायत."

"काय?"

"कर्णे. दोन आहेत. एक जरा चिरका आहे."

मठ दोन डोंगर पलीकडे. मला नदी ऐकू येत होती, फक्त नदी. पोलीसही कान देऊन उभा राहिला; त्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, की नाही. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. ऊन पार रस्त्यापर्यंत उतरलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. "गुंडाळलं," म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि पोलिसाला विचारलं, "तू का नाही गेलास रे? तुझंही गाव ना ते?" तो म्हणाला, "ड्यूटी, माताजी."

इथे मी एक शब्द वाढवलेला नाही. वाढवता आला असता तर बरं झालं असतं.

तोवर आम्ही टपरीवालीकडेच राहिलो. शनिवारी ग्रुप आला, आम्हाला चेकपोस्टवरून उचललं, आणि पोलिसाने हसून दांडा वर केला. मठाच्या अंगणात आशुतोषने ट्रॉयहून आणलेला स्पीकर लावला, "टेस्टिंग, टेस्टिंग" केलं. मग मठातल्या सगळ्यात वयस्क लामांना पुढे बोलावून मंडळातर्फे शाल आणि श्रीफळ दिलं. त्यांनी नारळ दोन्ही हातांत फिरवून बघितला, कानाशी हलवून बघितला, आणि सांभाळून खाली ठेवला. नाच सुरू झाला. मुखवट्यांतले पाय दमलेले दिसत होते. ट्रॉयला म्हणे लाइव्ह दिसलंच नाही. पडद्यावर आशुतोषचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने गोठला, तो तसाच राहिला, आणि लोकांनी त्याच्याकडे बघत पोहे संपवले. त्या दिवसातला तेवढाच न्याय.

नाच संपल्यावर आशुतोषने नोर्बूला सांगितलं, "त्यांना विचार, ते चित्र पंधरा मिनिटं सोडता येईल का? आपण एवढ्या लांबून आलोय. डोनेशन देऊ."

नोर्बूने खाली मान घालून विचारलं. लामांनी काहीतरी उत्तर दिलं. नोर्बू म्हणाला, "कहते हैं, बारह साल बाद आइए. और कहते हैं, अब नाचने वालों को छोड़ दीजिए. आज इनके खेत में पानी की बारी थी, छोड़कर आए हैं."

त्या कोरड्या खोऱ्यात पाण्याची पाळी सोडणं म्हणजे काय, ते मिरजेच्या बाईला सांगावं लागलं नाही. मावशी उठल्या. स्पीकरची वायर उपटली. आशुतोषसमोर उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदा मी त्यांचा आवाज फुटलेला ऐकला.

"माझा दिवस चोरलास, ते एक वेळ सोडलं. मी म्हातारी आहे, मला सवय आहे. यांच्या शेताचं पाणी तोडलंस तू, नाच बघायला! आणि वर नारळ देतोस?"

"मावशी, लोक बघतायत..."

"बघू देत! याचसाठी आणलेत ना, बघायला?"

मग त्या लामांकडे वळल्या, हात जोडले. "माफ़ कीजिए. ये सब मेरे साथ हैं."

आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही. आशुतोष फोन बघत होता. मावशी त्या कोऱ्या भिंतीपाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. पाठ करून चालू लागल्या, सरळ गाडीकडे.

त्यानंतर त्यांची फुप्फुसं खचली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याचा घुरघुराट त्यांनी दोन दिवस सहन केला, तिसऱ्या दिवशी आतला रबर बदलून ते गप्प केलं. मंडळाशी बोलणं बंद. तरी मंडळाने पाठ सोडली नाही. मावशींचं सहस्रचंद्रदर्शन आलं तेव्हा नवा अध्यक्ष, आशुतोषचा पाठीराखा, चौघांना घेऊन दारात. निखिलला ईडन प्रेरीहून बोलावून घेतलेलं. "शनिवारी करू या, मावशी. हॉल घेतलाय."

"हजार चंद्र मी शनिवारचे मोजले नव्हते," मावशी दारातूनच म्हणाल्या. "मंगळवारी आहे. यायचं तर तेव्हा या." आणि दार लावलं. हॉलचं बुकिंग वाया गेलं, म्हणून माझ्याकडे सगळे कुरकुरले.

मंगळवारी मी हाफ डे घेतला. फुल डे नाही घेतला, तेही लिहून टाकतो. मावशींनी पैठणी नेसली होती, नाकात ऑक्सिजनची नळी, त्यावर नथ. घरभर खुर्च्या मांडलेल्या. बसलेला मी एकटा. निखिल शनिवारसाठी आला होता, तो जाता जाता राहिला होता. आतल्या खोलीत दार लावून ऑफिसची मीटिंग करत होता.

"निखिल!"

"Five minutes, Aai!"

"तिथी तुझ्या पाच मिनिटांसाठी थांबणार नाही, गाढवा!"

तो आला, गळ्यात हेडफोन. तबक हातात घेतलं. त्याने आयुष्यात कधी कुणाला ओवाळलं नव्हतं. निरांजनं पेटवली आणि लगेच हात फिरवायला लागला, तसा मावशींनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. अजून लागली नाही." मिशिगनच्या वेळेवर लावून घेतलेलं पंचांग मांडीवर होतं. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. "होऊ दे."

मला ऑफिसला परतायचं होतं. बूट चढवता चढवता दारातून बघितलं. पाटावर मावशी, समोर तबक धरून ओणवा झालेला मुलगा, त्याचं मनगट अजून त्यांच्या मुठीत. आतल्या खोलीत त्याचा लॅपटॉप त्याला हाका मारत होता, एकदा, दोनदा, मग परत. मावशींनी त्या आवाजाकडे मान वळवली. निखिलने वळवली नाही.